भाषेला धर्म विचारू नका



आज मी माल्टाबद्दल बोलणार आहे. सिसिलीच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्रातला हा छोटा देश. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षाही कमी. मी गेलो होतो जुन्या वास्तू पाहायला आणि डायव्हिंग करायला. येताना सोबत एक प्रश्न घेऊन आलो: भाषा कुणाची असते?

माल्टातले बहुसंख्य लोक कॅथलिक ख्रिस्ती. पण त्यांची भाषा ऐका. पुस्तक म्हणजे 'क्तिएब', जग म्हणजे 'दिन्या'. ईस्टरआधीच्या उपवासांच्या काळाला ते 'रान्दान' म्हणतात. हा शब्द रमजानशी नातं सांगतो. आणि देवाला म्हणतात 'अल्ला'. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून मी तो शब्द ऐकला, तेव्हा दचकलेला तिथे मी एकटाच होतो.

८७० साली अरबांनी हे बेट जिंकलं. सिसिलीतल्या अरबीतून माल्टी भाषा घडली. १०९१ मध्ये नॉर्मन आले, तेराव्या शतकात इस्लाम तिथून नाहीसा झाला. भाषा मात्र टिकली. आज ती रोमन लिपीत लिहितात आणि युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांपैकी ती एक आहे.

गोझो बेटावरच्या संग्रहालयात मैमुना नावाच्या मुलीचा संगमरवरी कबरदगड आहे, ११७४ सालचा. लेख कुफी लिपीतला. दगडाच्या दुसऱ्या बाजूला जुनं रोमन कोरीवकाम. दोन्ही बाजू जपल्या आहेत.

हा इतिहास सगळा गोड नाही. १५५१ मध्ये ऑटोमन आरमाराने गोझोतली हजारो माणसं गुलाम करून नेली. इकडे व्हॅलेटात ख्रिस्ती सरदारांकडे मुस्लिम गुलाम राबत होते. तरीही 'ही शत्रूची भाषा' म्हणून माल्टाच्या लोकांनी आपली बोली टाकली नाही.

डायव्हिंगचंही सांगतो. माल्टात बारमाही नद्या नाहीत, त्यामुळे समुद्रात गाळ कमी आणि पाणी नितळ. 'उम एल फरूद' हे लिबियाचं तेलवाहू जहाज १९९५ मध्ये माल्टाच्या गोदीत स्फोटात सापडलं. ९ कामगार गेले. १९९८ मध्ये ते डायव्हिंगसाठी मुद्दाम बुडवलं. तळ सुमारे ३६ मीटरवर आहे, म्हणून पुरेसं प्रशिक्षण झाल्याशिवाय तिथे उतरू नका. खाली त्या कामगारांची स्मृतिपाटी आहे. अरबी नावाच्या त्या जहाजापाशी माल्टाचे लोक आपल्या माणसांची आठवण ठेवतात.

आता आपल्याकडे या. 'मुसलमान असून मराठी इतकं छान?' हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. आपल्यातलेही काही म्हणतात, 'आपली जबान उर्दू.' घरात कोकणी किंवा दखनी, शाळेत मराठी, मदरशात अरबी, हे सगळं आपलंच आहे. अर्ज, हिशेब, वकील, तारीख हे शब्द अरबीतून आले. त्यांच्याकडे मराठीपणाचा पुरावा कुणी मागत नाही. मग तो तुमच्याकडे का मागावा?

पुढच्या वेळी कुणी असं कौतुक केलं तर ओशाळू नका, भांडूही नका. शांतपणे सांगा, 'माझीच भाषा आहे.'