तळे कागदावर, पाणी घरात

(दुर्गमधील पद्मनाभपुर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



‘वाढते शहर आणि पर्यावरण’ असा आजचा विषय पत्रिकेत छापला आहे. विषय मोठा आहे. मी त्यातले पाणी तेवढे उचलणार आहे, कारण पाणी येते कुठून आणि जाते कुठे, हे दोन प्रश्न नीट विचारले की दुर्ग-भिलाईसारख्या शहराची प्रकृती कळते. उकाडा, झाडे, कचरा, डास हे सगळे त्या दोन उत्तरांच्या मागोमाग येते.

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीपासून सुरुवात करू. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. चार वर्षांत कारखाना उभा राहिला आणि सोबत सेक्टरांची वसाहतही. रुंद रस्ते, दुतर्फा झाडी, प्रत्येक क्वार्टरमागे परसाला जागा. मे महिन्यात सुपेल्याच्या गर्दीतून सेक्टरात शिरले की अंगाला फरक कळतो. पण त्या वसाहतीची खरी पुण्याई झाडांत नाही. घरे बांधण्याआधी कोणीतरी पाण्याचा हिशेब मांडला होता, त्यात ती आहे. तांदुला जलाशय आधीपासून होता. गोंदलीचे धरण १९५७ साली झाले, पुढे खरखरा झाले, मग महानदीवरचे गंगरेल. या जलाशयांचे पाणी कालव्यांनी मरोद्याच्या तलावापर्यंत आणले गेले. शहर आपले पाणी दूरच्या खेड्यांच्या शिवारातून आणत होते, आणि त्या खेड्यांचे देणे अजून पुरते फिटलेले नाही, हेही याच जागी सांगितले पाहिजे. तरीही हिशेब झाला होता.

बाकीच्या शहराच्या वाट्याला तेवढाही हिशेब आला नाही. दुर्ग-भिलाईनगर या जोडशहराची लोकसंख्या २००१ साली सव्वानऊ लाखांच्या वर होती, २०११ च्या जनगणनेत ती १० लाख ६४ हजार भरली. ही भर सेक्टरांत पडली नाही. ती बोरसी, जुनवानी, स्मृतीनगर, नेहरूनगर, आपले पद्मनाभपुर अशा भागांत पडली आणि बहुतेक ठिकाणी धानाच्या शेतांवर पडली.

धानाचे शेत म्हणजे काय, हे विदर्भाच्या झाडीपट्टीतून आलेल्या मंडळींना सांगायला नको. आपल्याकडे त्याला बांधी म्हणतात. चारी बाजूंनी वीतभर उंचीचे धुरे आणि आत साचलेले पाणी. एक हेक्टर बांधीत पंधरा सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तर ते पंधरा लाख लिटर होते. ते जिरते, हवेत जाते, धुऱ्याच्या तोंडातून सावकाश खालच्या बांधीत उतरते. त्याच हेक्टरवर प्लॉट पडले, मुरूम टाकला, सिमेंटचे रस्ते झाले आणि अंगणात फरशी बसली की तेच पाणी अर्ध्या तासात रस्त्यावर येते. कॉलनी दहा हेक्टरांची असेल, तर दीड कोटी लिटर पाण्याला आपण घराबाहेर काढलेले असते. त्याने जावे कुठे, हे विकणाऱ्याने सांगितले नाही, घेणाऱ्याने विचारले नाही, आणि मंजुरी देणाऱ्याच्या कागदावर तसा रकानाच नव्हता.

पूर्वी या पाण्याला जायला जागा होती. तिला छत्तीसगडात तरिया म्हणतात. या प्रदेशात गावाची श्रीमंती ‘छै आगर छै कोरी’ या मापाने मोजली जाई. कोरी म्हणजे वीस, तेव्हा सहा कोरी आणि वर सहा, एकशेसव्वीस तलाव. आपल्याच जिल्ह्यातले धमधा त्यासाठी प्रसिद्ध आहे. अनुपम मिश्र यांनी १९९३ साली तलावांवर हिंदीत पुस्तक लिहिले, त्यात छत्तीसगडच्या या परंपरेला मानाची जागा आहे. मिश्रजींचा जन्म वर्ध्याचा, हे आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. आणि आपल्या मराठी घरातला हिंदीचा थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होता, तो राहत होता राणीसागर आणि बूढासागर या दोन तलावांच्या मध्ये. इथल्या गावा-शहरांत तलाव असा घराला लागून असे.

जुना तरिया जवळून पाहिला तर त्याची रचना किती विचाराने केलेली आहे ते दिसते. पावसाचे पाणी थेट आत येत नाही. ते आधी एका लहान डबक्यात थांबते, त्याला पैठू म्हणतात. गाळ तिथे बसतो, निवळ पाणी पुढे जाते. बांधाला पार म्हणतात. पारावर वड, पिंपळ, आंबा अशी झाडे, म्हणजे मुळांनी माती धरून ठेवावी आणि पाण्यावर सावली पडावी. जास्तीचे पाणी जाण्याची वाट वेगळी, आणि ती बहुधा खालच्या तरियाला नेऊन सोडलेली. एक भरला की दुसरा, दुसरा भरला की तिसरा, आणि शेवटी नाल्यातून शिवनाथ. अंघोळीचा तलाव वेगळा, गुरांचा वेगळा, पिण्याचा वेगळा. महसुली दप्तरात त्यांची नोंद निस्तार म्हणून होती. जमीन मालगुजाराची असो की सरकारची, पाण्याचा वापर गावाचा.

यातली बाब नुसती पाण्यापुरती नाही. कमरछठचा उपास आपल्या शेजारच्या छत्तीसगडी बायका श्रावण वद्य षष्ठीला करतात. अंगणात छोटी सगरी खणतात, तिच्यात पाणी ओततात, काठाला काशी गवत आणि पळसाच्या डहाळ्या रोवतात आणि मुलांच्या आयुष्यासाठी पूजा करतात. त्या दिवशी नांगराने पिकवलेले धान्य खायचे नाही, म्हणून पसहरचा भात लागतो. पसहर तांदूळ कोणी पेरत नाही. तलावांच्या काठाला, पाणथळ खोलगट जागी तो आपोआप उगवतो. लोंबी पिकताच दाणे पाण्यात गळतात, म्हणून बायका वेळ साधून ते झोडून गोळा करतात. तो लालसर, मोडका दाणा सणाच्या आधी दुर्गच्या बाजारात महागड्या बासमतीच्या भावालाही मागे टाकतो. अंगणातली सगरी अजून दर वर्षी खणली जाते. पण तिच्या नैवेद्याचा तांदूळ जिथे उगवतो, त्या जागेवर आपण कॉलनी वसवतो आहोत.

आता कोणी म्हणेल, तलाव तर अजून आहेत. आहेत, आणि त्यांवर खर्चही होतो. काठाला काँक्रीटची भिंत, वर पेव्हर ब्लॉक, मधे कारंजे, भोवती रंगीत दिवे. याला सुशोभीकरण म्हणतात. मला ते तलावाला जिवंतपणी पुरल्यासारखे वाटते. तलाव म्हणजे साचलेल्या पाण्याची वाटी नव्हे. पाणी जिथून वाहत येते तो सगळा उतार, ते आणणारे ओहोळ, पैठू, पार, सांडवा हे मिळून तलाव होतो. उतारावर बंगले झाले, ओहोळ बुजले आणि काठ काँक्रीटने बंद केला, की पावसाळ्यात तलाव कोरडा आणि शेजारची घरे पाण्यात, असा उलटा प्रकार होतो. मग उन्हाळ्यात त्या तलावात टँकरने पाणी सोडायची वेळ येते.

नागपूरकरांनी याची किंमत मोजली आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि त्याच्या सांडव्याखालच्या, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. माणसे गेली. सांडव्यासमोरच्या बांधकामांचा प्रश्न नंतर उच्च न्यायालयात गेला. अंबाझरी १८७० च्या सुमाराची. शतकभर तिच्या सांडव्याची वाट सर्वांना ठाऊक होती. तलाव विसरणे शहराला परवडते, पण सांडव्याची वाट विसरणे परवडत नाही.

कायद्याचा आधार नाही असेही नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक तळ्यावरचे अतिक्रमण बेकायदा ठरवले आणि सगळ्या राज्यांना अशा जमिनी मोकळ्या करण्याच्या योजना आखायला सांगितले. तिथेही प्रश्न तळ्याचाच होता.

शिवनाथची गोष्टही या शहरात प्रत्येकाला माहीत हवी. ही नदी विदर्भाला लागून असलेल्या पानाबरसच्या डोंगराळ भागातून निघते आणि महानदीची सर्वांत लांब उपनदी होते. १९९८ साली, छत्तीसगड राज्य होण्यापूर्वी, बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी तिचा तेवीस किलोमीटरहून लांब पट्टा बावीस वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीच्या हाती दिला गेला. करार असा, की उद्योगांनी पाणी उचलले नाही तरी ठरलेल्या किमान पाण्याचे पैसे सरकारी महामंडळाने भरायचे. कारखाने अपेक्षेएवढे आले नाहीत, बिल मात्र येत राहिले. काठच्या मच्छीमारांना जाळे टाकायला आणि शेतकऱ्यांना पंप लावायला मज्जाव झाला. लोक उठले, आंदोलन झाले, देशभर चर्चा झाली. विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली. नदी भाड्याने देता येते असे कोणाच्या तरी मनात आले, ते आपल्याच दारात. याचा राग मला आजही येतो. पण नदीकडे नुसता पुरवठ्याचा नळ म्हणून पाहण्याची सवय आपल्या सगळ्यांची आहे, तेव्हा दोष एकट्या करार करणाऱ्यांचा म्हणता येत नाही. याच नदीत दुर्गचे सांडपाणी शंकर नाल्यातून आणि पुलगाव नाल्यातून उतरते, आणि दुर्ग त्याच नदीचे पाणी शुद्ध करून पिते.

सांडपाण्याचा ठोकताळा मांडू. माणशी १३५ लिटर हे शहरी पुरवठ्याचे मानक. दहा लाख चौसष्ट हजार माणसांना रोज साधारण १४ कोटी लिटर पाणी लागते. त्यातले ऐंशी टक्के सांडपाणी होते असे धरतात, म्हणजे रोज ११ कोटी लिटरहून अधिक. एवढे पाणी आपण रोज वाया घालवायचे आणि उद्योगांसाठी मात्र कालव्याचे स्वच्छ पाणी द्यायचे, हा उलटा व्यवहार आहे. भिलाईत ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमाप्रमाणे अशा केंद्राने एक मेगावॅट-तास विजेमागे साडेतीन घनमीटरहून अधिक पाणी वापरू नये. पूर्ण क्षमतेने चालले तर रोज जास्तीत जास्त ४ कोटी २० लाख लिटर. ते सगळे शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातून निघेल आणि तरी उरेल. पोलाद कारखाना त्याहून मोठे गिऱ्हाईक आहे. २०१६ च्या वीजदर धोरणात तर सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या पन्नास किलोमीटर परिघातल्या वीजकेंद्रांनी ते पाणी घेणे बंधनकारक केले आहे. नागपुरात हे घडले. भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रातून कोराडीच्या वीजकेंद्राला रोज १३ कोटी लिटर देण्याची योजना झाली. आपल्या आकड्यापेक्षा तो थोडाच मोठा आहे, आणि नागपूर इथून रेल्वेने काही तासांवर आहे. जाऊन पाहता येते.

पाण्याची वाट कचराही अडवतो, म्हणून टाकाऊ मालाची दोन उदाहरणे देतो. अंबिकापूर हेही छत्तीसगडातलेच शहर. तिथे बचत गटांच्या बायका घरोघर जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेतात, निवडतात, विकतात. कचरा टाकण्याची मोठी जागा पंधरा एकरांची होती, तिची बाग झाली. २०१९ मध्ये तिथे प्लास्टिकच्या बदल्यात जेवण देणारे कॅफेही निघाले. दुसरे आपल्याकडचे: भिलाईच्या झोतभट्टीच्या मळीचे शेजारच्या जामुलमध्ये १९६५ पासून सिमेंट होते. त्याला पर्यावरण म्हणण्याची तेव्हा पद्धत नव्हती, पण पाहा, टाकाऊ माल कामी आला. आपल्या नाल्यांत आज जे प्लास्टिक आणि थर्मोकोल अडकते, ते पावसाळ्यात पाण्याची वाट अडवणारे पहिले बांधकाम असते.

पद्मनाभपुरासाठी मी काय मागतो ते सांगून थांबतो. प्रत्येक नव्या लेआउटच्या मंजुरीआधी दोन नकाशे जाहीर व्हावेत. एक, पटवाऱ्याच्या जुन्या नोंदीतील तरिया, ओहोळ आणि निस्तारच्या जागा खसरा क्रमांकासह दाखवणारा. दुसरा, पावसाचे पाणी आता कोणत्या वाटेने कुठल्या तलावात पोहोचेल तो दाखवणारा. जुन्या नकाशातली वाट नव्यात नसेल, तर मंजुरी थांबवावी. नगर निगमच्या सुशोभीकरणाच्या निविदेत पैठू आणि सांडवा असावेत, नसतील तर कारंजेही नको. आपण आपापल्या घरांपासून सुरुवात करू. शंभर चौरस मीटर छपरावर इथल्या अकराशे मिलिमीटर पावसात एक लाख दहा हजार लिटर पाणी पडते. त्यातले ऐंशी टक्के जरी हाती लागले, तरी चौघांच्या घराला पाच महिन्यांहून जास्त पुरेल इतके होते. सगळे टाकीत मावणार नाही, म्हणून उरलेले शोषखड्ड्यातून जमिनीत सोडावे. अंगणात सगळीकडे फरशी बसवू नये. पद्मनाभपुरातल्या वृद्धांना आपल्या भागात कुठे कुठे तरिया होते ते आठवते. त्यांच्याकडून ते लिहून घ्यायचे काम या मंडपातल्या तरुण मुलामुलींनी मृगाच्या आत करावे. यादी तयार झाली की मी स्वतः ती पटवाऱ्याच्या नोंदींशी ताडून पाहायला येईन आणि ताडलेली यादी आपण सगळे मिळून निगमला देऊ.