बाटलीएवढा गट



कोंबड्या पाळणाऱ्यांचा हा मेळावा ज्यांनी भरवला त्यांचं आधी कौतुक करतो. त्यांनी गुरुवार टाळला, कारण गुरुवारी छावणीचा बाजार असतो. रविवारही टाळला, कारण रविवारी जाफर गेटचा बाजार भरतो. पशुसंवर्धन विभागात नोकरीत असताना साहेबांच्या सोयीनं ठरलेले मेळावे मी पुष्कळ पाहिले. मंडपात खुर्च्या असायच्या आणि कोंबड्यावाल्या बाया बाजारात असायच्या. आज तुम्ही समोर आहात, म्हणून मला जपून बोलावं लागणार. मी काही भलतंसलतं बोललो तर अडवणारं माणूस पहिल्याच रांगेत बसलंय.

२०१९ च्या पशुगणनेत देशातले कुक्कुट पक्षी ८५ कोटींच्या वर भरले. त्यांतले जवळजवळ ३२ कोटी परसातले. २०१२ पासूनच्या सात वर्षांत परसातले पक्षी सुमारे ४६ टक्क्यांनी वाढले, फार्मवरचे साडेचार टक्क्यांनी. आपण पत्र्याच्या लांबच लांब शेडकडे बघून कुक्कुटपालन वाढलं म्हणतो, पण वाढ झाली ती उकिरड्यावर. आणि ज्या बाईच्या उकिरड्यावर ती झाली, तिच्या नावावर बहुधा सात-बारा नाही, गहाण ठेवायला काही नाही, आठ कोंबड्यांचा विमा उतरवायला कुणी दारात येत नाही. मग तिचं भांडवल येतं कुठून?

शेजारणीकडून येतं. गावोगाव ही रीत आहे आणि तुम्हाला ती माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे, पण आज ती सभेत मोठ्यानं सांगायची आहे. जिच्याकडे कोंबडी नाही तिला जिच्याकडे आहे ती अर्धलीनं कोंबडी देते. सांभाळणारीनं दाणापाणी करायचं, अंड्यावर बसवायची, पिल्लं निघाली की निम्मी तुझी निम्मी माझी, आणि शेवटी मूळ कोंबडी मूळ घरी. घार-मुंगसानं पिल्लू नेलं तर तोटा दोघींचा. कोंबडी मेली तर मेलेली दाखवायची, उगाच संशय नको. कागद नाही, व्याज नाही, वसुलीला कुणी येत नाही. दोन खेपांत सांभाळणारीच्या अंगणात तिच्या स्वतःच्या सहा-सात कोंबड्या होतात आणि पुढच्या वर्षी तीच तिसरीला अर्धलीनं देते. बचत गट यायच्या कितीतरी आधीपासून हा गट चालू आहे. त्याला अध्यक्ष नव्हता, एवढीच त्याची उणीव, आणि मला विचाराल तर ती उणीव नव्हतीच.

दुसरा व्यवहार खुडूक कोंबडीचा. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, कारण मध्येच ती खुडूक होते आणि अंडी घालायचं सोडून बसून राहते. शास्त्रज्ञांना हा दोष वाटला आणि त्यांच्या हिशेबानं तो दोषच आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं वनराजा आणि ग्रामप्रिया आणल्या, बंगळुरूहून गिरिराज आली. अंडी वाढली, वजन वाढलं. पण या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणजे त्यांची पिल्लं हवी असतील तर मशीन हवं, नाहीतर दर खेपेला नवी पिल्लं विकत घ्यायला हवीत. आपल्याकडे बायांनी यावर काय केलं? ग्रामप्रिया एका घरी, गावरान खुडूक दुसऱ्या घरी. अंडी हिची, ऊब तिची, एकवीस दिवसांनी पिल्लांची वाटणी. सुधारित जात पसरवण्याच्या योजनेत हे कलम कुणी लिहिलेलं मला आढळलं नाही. गावरान सगळी काढून टाका असा सल्ला माझ्या पिढीच्या पशुवैद्यकांनी बराच काळ दिला. ज्या गावांनी तो ऐकला नाही तिथे आज उबवायची सोय फुकट आहे.

तशीच कोंबड्याची अदलाबदल. एकाच कोंबड्यावर वर्षानुवर्षं वस्ती चालली की आपल्याच लेकींशी तो जुगतो, पिल्लं खुरटतात, अंडी पोकळ निघतात. माहेरून येताना कोंबडा काखेत मारून आणणारी बाई रक्त बदलत असते. फक्त आणलेला पक्षी पहिले दोन-तीन आठवडे वेगळ्या डाल्याखाली ठेवा, एवढं माझं ऐका. बहुतेक घरी तो त्याच संध्याकाळी सगळ्यांबरोबर खुराड्यात जातो.

कारण ज्या वाटेनं पक्षी येतात त्याच वाटेनं मर येते. देवाणघेवाणीचं कौतुक करताना हे लपवलं तर मी पशुवैद्यक कसला.

मानमोडी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. हिरवी हगवण लागते, पंख लोंबतात, मान पिळवटते आणि आठवड्याभरात आख्ख्या आळीतली खुराडी रिकामी होतात. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात, कारण १९२० च्या दशकात आपल्या देशात ती कुमाऊँतल्या राणीखेतजवळ ओळखली गेली. तिच्यावर औषध नाही. लस मात्र आहे आणि ती त्याच डोंगरातल्या मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकात तयार झाली. आज ती पुण्यात औंधच्या सरकारी संस्थेतही बनते. दोन महिन्यांच्या पुढच्या पक्ष्याला पंखाखाली टोचायची आर-टू-बी ती हीच. लस इतकी जुनी आहे, स्वस्त आहे आणि काम करते. मग दर वर्षी खुराडी रिकामी का होतात?

बाटलीमुळे होतात. लसीची बाटली शंभर मात्रांची येते, कधी दोनशेची. पावडर द्रावणात मिसळली की बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. उरलेली उद्यासाठी ठेवली तर ते नुसतं पाणी. ज्याच्या शेडमध्ये पाच हजार पक्षी आहेत त्याला बाटलीची अडचण नाही. तुमच्याकडे नऊ पक्षी आहेत. नऊ पक्ष्यांसाठी कुणी शंभराची बाटली फोडत नाही. दवाखान्यात फोडत नाहीत आणि तुम्हीही विकत घेऊन फोडत नाही. आणि एकट्या घरानं टोचून घेतलं तरी शेजारची आठ खुराडी बिनलसीची राहिली तर आळीतली मर थांबत नाही.

म्हणून संघटना केवढी असावी, या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे: एका बाटलीएवढी. दहा-बारा घरं, घरटी आठ-दहा पक्षी, शंभर मात्रा. त्याहून लहान असेल तर लस वाया जाते. त्याहून मोठी असेल तर दोन तासांत पुरी होत नाही, आणि कोणाच्या घरी किती कोंबड्या आहेत हे एकमेकींना माहीत नसतं. जिल्हा संघ, विभागीय महासंघ, लेटरहेड, बॅनर हे सगळं नंतर बघू. आदल्या संध्याकाळी बारा घरांनी कोंबड्या डाल्याखाली कोंडायच्या आणि पहाटे, उजाडायच्या आत, एकीनं धरायच्या, एकीनं टोचायच्या. थर्मासमधला बर्फ कुणी आणायचा ते आधी ठरवायचं. सहा महिन्यांनी पुन्हा. आणि आळीत मर लागल्यावर बाटलीसाठी धावपळ करू नका. लस निरोगी पक्ष्याला द्यायची असते.

आता अवघड भाग. पहिली कोंबडी मान टाकते, तेव्हा घरातली शहाणी बाई काय करते? उरलेल्या आठ बाजारात नेते. करमाड, लासूर, पाचोड, जो बाजार जवळ असेल तिथे. व्यापारीही दुधखुळा नसतो. तो डोळ्याकडे बघतो, भाव निम्म्यावर आणतो आणि जाळीत टाकतो. ती जाळी मोटरसायकलवर बसून दुसऱ्या तालुक्यात जाते. मी तरुणपणी अशा बायांना भाषणं दिली, अशी विक्री म्हणजे गुन्हा आहे वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि कोंबड्या विकल्या. त्यांच्या जागी मीही विकल्या असत्या. मुलाची फी त्या आठ कोंबड्यांत होती.

तेव्हा उपदेश नको, सौदा हवा. बाटलीएवढ्या गटानं आपसात एवढंच ठरवावं: ज्या घरी मर लागली त्या घरानं बाजार करायचा नाही, मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे आणि त्याच दिवशी दवाखान्यात कळवायचं. बदल्यात महिना-दीड महिन्यानं, खुराडं साफ झाल्यावर, गटातल्या प्रत्येक घरानं त्या घराला एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, द्यायची. दहा घरं म्हणजे दहा तलंगा. देणाऱ्याला जड जात नाही, घेणाऱ्याचं घर उभं राहतं. हा विमाच आहे आणि त्याचा हप्ता उकिरड्यावर चरतो. सरकारी योजनेत पंचवीस तलंगा आणि तीन नर अनुदानावर मिळतात, ते जरूर घ्या. पण योजना वर्षातून एकदा येते आणि मर कधीही येते.

बर्ड फ्लूचं प्रकरण याहून कडक आहे. १८ फेब्रुवारी २००६ ला आपल्याच राज्यात, नवापूरला, देशातला पहिला उद्रेक जाहीर झाला. जानेवारी २०२१ मध्ये तो आपल्या मराठवाड्यात आला, परभणीजवळच्या मुरुंब्यात. तिथलं फार्म बचत गटाचं होतं. आधी आठशेवर पक्षी मेले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि मग गावातले उरलेले निरोगी दिसणारे पक्षीही नष्ट करावे लागले. गेल्या वर्षा-दोन वर्षांतलं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले, तेही त्यानंच. या रोगात भरपाई मिळते ती सरकारनं नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे ज्यानं दोन दिवस लपवलं त्याचे ते दोन दिवस हिशेबात धरलेच जात नाहीत. हे गणित मी कार्यालयात बसून पुष्कळांना समजावलं आणि कमी जणांना पटलं. अंगणात शेजारणीनं सांगितलं तर अधिक पटेल, असा माझा अंदाज आहे.

भावाबद्दल थोडक्यात. १९८२ पूर्वी अंड्याचा भाव शहरातला व्यापारी ठरवायचा. डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं त्या वर्षी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि उत्पादक स्वतः भाव जाहीर करू लागले. पेपरात रोज येणारा शेकडा अंड्यांचा दर तो हाच. मोठी गोष्ट होती ती, पण तिची नक्कल आपल्याला जमणार नाही. त्यांची अंडी एकसारखी, ट्रकानं जाणारी. आपला एक कोंबडा दुसऱ्यासारखा नसतो आणि नवसाचा असला तर त्याच्या रंगालाही किंमत असते. आपल्याला दर नको, काटा हवा. व्यापारी नगावर घेतो आणि किलोवर विकतो, यातच तुमचे पैसे जातात. बारा घरांनी मिळून एक लटकता वजनकाटा घ्यावा आणि घरीच तोलून बाजारात जावं. आणि आखाड लक्षात ठेवावा. माघात अंड्यावर बसवलेल्या पिल्लांचे कोंबडे आखाडात किलोला येतात, तेव्हा गिऱ्हाईक दारात येतं. तेच श्रावण लागला की कोंबडा घरात बसून दाणे खातो. मे महिन्याच्या उन्हात पिल्लं काढायचा हट्ट आपल्या भागात करू नका.

आणि कुणी पक्षी महाग विकून अंडी मी परत घेतो असं लिहून देत असेल, तर २०१९ चं कडकनाथ प्रकरण आठवा. कडकनाथमध्ये खोट नव्हती. झाबुआची ती अस्सल जात आहे, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. इस्लामपूरकडून सुरू झालेल्या त्या व्यवहारात हजारो शेतकऱ्यांनी कर्ज काढून पक्षी घेतले आणि घेणाराच नाहीसा झाला. अर्धलीनं कोंबडी देणारी शेजारीण नाहीशी होत नाही. फार तर भांडते.

जेवणानंतर आर-टू-बी टोचण्याचं प्रात्यक्षिक आहे. त्याआधी दाराशी गावनिहाय याद्या ठेवल्या आहेत, कारण बाटल्यांची मागणी आजच नोंदवायची आहे. आपल्या घरी किती पक्षी आहेत ते प्रत्येकीनं लिहायचं आहे. नजर लागते म्हणून वीस असताना बारा सांगायची आपली पद्धत मला माहीत आहे. शेजारीण मागे उभी असेल तर ती जरा पुढे गेल्यावर लिहा, पण आकडा खरा लिहा. नाहीतर बाटल्या कमी पडतील आणि नेमक्या तुमच्याच आठ बिनलसीच्या राहतील.