आभा क्रमांक आणि आपला दवाखाना

फौजेत बदली झाली की जवानाचे वैद्यकीय कागद त्याच्यामागे नव्या युनिटला जातात. ब्राह्मणपाऱ्यातल्या आजी मुलाकडे नागपूरला गेल्या आणि फाइल घरीच राहिली, तर कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे हे तिथल्या डॉक्टरांना कळणार कसं?

27 सप्टेंबर 2021 ला सुरू झालेलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन त्यासाठीच आहे. डॉक्टरांनी स्वतःची आणि दवाखान्याची नोंदणी करायची, सॉफ्टवेअर मिशनशी जोडलेलं घ्यायचं. नोंदी रुग्णाच्या 14 अंकी आभा क्रमांकाशी जोडल्या जातात आणि त्याच्या संमतीनेच दुसरीकडे दिसतात.

डॉक्टरसाहेब, आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका. आणि नुसता ओटीपी मागू नका. तो कशासाठी हवा, ते आजींना आधी मराठीत सांगा.