अफूचे व्यसन आणि औषधोपचार
(बऱ्हाणपूर येथील मराठी भाषिक नागरिकांपुढे केलेले भाषण)



आपल्या या बऱ्हाणपुरातच १६०५ च्या सुमारास अकबराचा पुत्र दानियाल मद्यापायी मरण पावला. बादशहाच्या आज्ञेवरून खानखानान अब्दुर्रहीम याने त्याच्याभोवती पहारे बसविले होते. तरीही एका सेवकाने बंदुकीच्या नळीतून मद्य आत नेले, असे जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. मद्याची गोष्ट निराळी व अफूची निराळी, हे खरे. परंतु व्यसनी मुलास खोलीत कोंडून कडी लावणारे आईबाप आजही त्या पहारेकऱ्यांच्याच मार्गाने जात असतात.

अफू वा हेरॉईन एकाएकी तुटले म्हणजे जांभया येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, हातपाय मोडून येतात, जुलाब होतात, झोप उडते. हा त्रास काही दिवसांत ओसरतो. तलफ मात्र महिनोन् महिने राहते. दरम्यान शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. अशा वेळी पूर्वीइतकीच मात्रा घेतली गेल्यास श्वास मंदावून प्राण जाऊ शकतो. ज्या दिवसांत घरचे 'सुटला बुवा एकदाचा' म्हणून निःश्वास टाकतात, तेच दिवस अधिक धोक्याचे असतात.

न्यूयॉर्क येथील डॉ. व्हिन्सेंट डोल व डॉ. मारी निस्वॉन्डर यांनी १९६५ साली मेथाडोनच्या नियमित मात्रेने या रुग्णांना स्थैर्य येते, असे दाखविले. आपल्या देशात मुख्यत्वे ब्युप्रेनॉर्फिन वापरतात. ही गोळी जिभेखाली विरघळवावयाची असते. मेंदूत अफू जेथे परिणाम करते तेथेच ती जाऊन बसते, पण तिचे कार्य अंशतःच होते. त्यामुळे तलफ शमते आणि श्वास बंद पडण्याची भीती पुष्कळ कमी होते. सुईने नशा करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने हाच उपचार स्वीकारला असून त्याच्या केंद्रांवर गोळी कर्मचाऱ्यांच्या देखत देण्याची पद्धत आहे. २०१४ च्या दुरुस्तीने अमली पदार्थविषयक कायद्यातही व्यसनाच्या व्यवस्थापनास स्थान मिळाले.

'एक नशा सोडवून दुसरी लावली' हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. मला तो वरवरचा वाटतो. गोळी घेऊन यंत्रमागावर पाळीला वेळेवर उभा राहणारा, पगार घरी आणणारा कामगार आणि पुडीसाठी घरातील भांडी विकणारा माणूस यांना एकाच मापाने कसे मोजावे?

उपचार काही महिने, कित्येकदा काही वर्षेही चालतो. बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मात्रा डॉक्टरांनीच हळूहळू उतरवावी. तिच्यासोबत मद्य वा झोपेच्या गोळ्या घेणे जिवावर बेतू शकते. चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी, अथवा १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर करावी.