उन्हानं छापलेली चित्रं

इंग्लंडमधल्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक बाईंना समुद्रशैवालाची चित्रं हवी होती. इतके नाजूक तंतू हातानं रेखाटणं जिकिरीचं. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं 1842 साली लोहक्षार लावलेल्या कागदावर छाप घेण्याची रीत शोधली होती. अ‍ॅनाबाईंनी त्या कागदावर शैवाल ठेवलं, कागद उन्हात धरला आणि पाण्यात धुतला. ऊन लागलं तिथं गडद निळा, शैवालाच्या सावलीत पांढरा. 1843 पासून त्यांनी या चित्रांचं पुस्तक भागाभागानं काढलं. छायाचित्रांनी सजलेलं ते जगातलं पहिलं पुस्तक मानलं जातं, आणि त्यात कॅमेरा कुठंच नाही!

हीच सायनोटाइपची रीत आता पुन्हा अंगणात आली आहे, पण संगणकाचा हात धरून. पूर्वी मोठं चित्र हवं तर तेवढीच मोठी निगेटिव्ह लागे. आता मोबाइलवरच्या फोटोतलं काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करायचं आणि तो पारदर्शक फिल्मवर छापायचा. पुढचं काम उन्हाचं.

व्हिएतनाममध्ये जन्मलेले अमेरिकी कलावंत बिन्ह डान्ह तर कागदही वगळतात. झाडाच्या पानावर फिल्म, वर काच आणि कित्येक दिवस ऊन. उघड्या भागातलं हरितद्रव्य फिकं पडतं, झाकलेलं हिरवं राहतं. व्हिएतनाम युद्धातले चेहरे त्यांनी असे पानांवर उमटवले आणि ती पानं टिकावीत म्हणून रेझिनमध्ये बसवली. इथं निगेटिव्ह चालत नाही, सरळ फोटोच लागतो.

ब्रिटनमधले हेदर अ‍ॅकरॉइड आणि डॅन हार्वे नेमके उलट्या वाटेनं जातात. मातीनं लिंपलेल्या उभ्या पृष्ठभागावर ते गवताचं बी रुजवतात आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर प्रोजेक्टरनं निगेटिव्हचा झोत सोडतात. घटस्थापनेचं धान्य देवघराच्या अंधारात पिवळं उगवतं, तसंच हे. जेवढा उजेड मिळेल तेवढं पातं हिरवं. तोडलेल्या पानाचा जो रंग उजेड खातो, तोच उगवत्या पात्याला देतो. काही दिवसांत भिंतीवर माणसाचा चेहरा उगवतो. गवत वाळलं की तो पुसट होई, म्हणून या जोडीनं वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथच्या गवत-संशोधकांनी तयार केलेलं, हिरवेपणा जास्त टिकवणारं वाण वापरलं.

या सगळ्यात यंत्राचा वाटा थोडका, पण त्याच्यावाचून हे चेहरे पानावर आलेच नसते. बाकी सारं ढगांच्या आणि पानाच्या जातीच्या मर्जीवर. महाराष्ट्रात उन्हाला तोटा नाही. पावसाळा सरला की एक रुंद पान, फिल्मवर छापलेला ठसठशीत फोटो आणि काच घेऊन श्रोत्यांनी करून पाहावं. फक्त पानाचा देठ ओल्या कापसात गुंडाळायला विसरू नये, नाहीतर फोटो उमटण्याआधी पानच वाळतं.