परभाषेच्या दारी



संघाच्या या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही चिनी भाषेच्या अभ्यासाचा विषय निवडला. "गुरुजी, कोठे अलोरे आणि कोठे चीन!" असे एक स्नेही म्हणालेही. परंतु हा विषय आमच्याच घरात उपस्थित झाला होता. दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतणीने पुण्यास राहून चिनी शिकण्याचा मानस सांगितला. पहिला नकार आमचा. "त्या भाषेने पोट भरते काय?" असे आम्ही विचारले आणि १९६२ च्या युद्धाचे स्मरणही करून दिले. मुलगी गप्प बसली. पस्तीस वर्षे वर्गात 'शंका विचारा' म्हणणाऱ्या मास्तराने घरच्या मुलीचे म्हणणे ऐकूनही घेतले नाही, ही चूक आज सर्वांसमक्ष मान्य करतो.

पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातील पालीचे अध्यापक प्रा. पु. वि. बापट यांची माहिती वाचनात आली. ते धर्मानंद कोसंबी यांचे शिष्य. 'विमुत्तिमग्ग' हा प्राचीन बौद्ध ग्रंथ मूळ पालीत उरला नव्हता. सहाव्या शतकाच्या आरंभी झालेला त्याचा चिनी अनुवाद मात्र टिकला होता. बापटांनी चिनी आत्मसात करून त्याची 'विसुद्धिमग्गा'शी तुलना केली, १९३२ साली हार्वर्डची पीएच.डी. मिळविली आणि १९३७ साली तो प्रबंध पुण्यात प्रसिद्ध केला. पंचाहत्तरीच्या सुमारास, १९७० साली, जपानी पंडित हिराकावा यांच्यासह त्यांनी आणखी एका चिनी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रकाशित केले. आपल्याकडून हरवलेली ठेव शेजाऱ्याने जपली होती. ती परत आणावयास त्याची भाषा यावी लागली.

दुसरे उदाहरण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. १९३८ साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तेथे चिनी शिकले, इतकी की त्याच भाषेतून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते निवर्तले. मित्राची असो वा वैऱ्याची, शेजाऱ्याची भाषा न कळणे हा आपलाच तोटा होय.

आता शिकू इच्छिणाऱ्या मुलांसाठी, आमच्या पुतणीकडून कळलेल्या आणि आम्ही मास्तरकीत अनुभवलेल्या काही गोष्टी. प आणि फ, त आणि थ, क आणि ख हा जो श्वासाचा भेद इंग्रजांस जड जातो, तो चिनीत पदोपदी लागतो. आपल्या मुलांना तो मुळाक्षरांतच मिळतो. 'चार' मधील च आणि 'चारा' मधील च यांतील फरकही तेथे कामी येतो. लिंगावरून क्रियापद बदलण्याचा खटाटोप तेथे नाही. मात्र सुरांची सावधगिरी हवी. सपाट, उंच सुरातील 'मा' म्हणजे आई; तोच सूर खाली नेऊन वर आणला की घोडा! म्हणून प्रथम कान, मग जीभ, मग लेखणी. कोयना प्रकल्पाची वसाहत येथे झाली, तेव्हा परमुलुखातून आलेली मुले आमच्या वर्गात अशीच मराठी शिकली. पुस्तक त्यांनी मागाहून उघडले. वर्तमानपत्र वाचावयास दोन-तीन हजार चिन्हे ओळखावी लागतात. रोज पाच चिन्हांचा कित्ता गिरवावा, कालची पाच पुन्हा लिहावीत. घाई करू नये.

पुतणीने यंदा पुण्यास प्रवेश घेतला. पहिली फी आम्ही निवृत्तिवेतनातून भरली. त्याने तिची दोन वर्षे परत येत नाहीत. म्हणून संघास विनंती, की आपल्या शिक्षणनिधीतून वैद्यक आणि अभियांत्रिकीप्रमाणेच भाषेच्या विद्यार्थ्यांसही साहाय्य मिळावे. आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांस विनंती, की मुलाने वेगळी वाट सांगितली तर नकारापूर्वी निदान एक प्रश्न विचारावा: "तुला हे का शिकावेसे वाटते?" आम्ही तो विचारला नव्हता.

परवा दूरध्वनीवरून पुतणीने आमच्याकडून 'मा' म्हणवून घेतले. आम्ही घोडाच म्हटला. ती हसली, आणि म्हणाली, "काका, पुन्हा म्हणा." आम्ही पुन्हा म्हटले.