मत मांडणं म्हणजे उलट बोलणं?

(विद्यार्थी शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



माझी भाची न्यू जर्सीत अकरावीला होती तेव्हाची गोष्ट. एकदा तिचा फोन आला. म्हणाली, ‘मामू, मे महिन्यात एपी इंग्लिश लँग्वेजची परीक्षा आहे. वाचलेलं समजतं, व्याकरणही येतं. पण निबंधात स्वतःचं मत लिहायचं म्हटलं की हात थांबतो. अम्मी म्हणते, मोठ्यांना उलट बोलायचं नाही. आणि इथे मार्कच मत मांडण्याचे आहेत.’

मग दर शनिवारी, तिची सकाळ आणि माझी पुण्यातली संध्याकाळ, आम्ही फोनवर अभ्यासाला बसू लागलो. तिला शिकवता शिकवता मीच बरंच शिकलो. ते तुम्हाला सांगतो.

ही परीक्षा अमेरिकेतलं कॉलेज बोर्ड घेतं. मुलं शाळेतच असतात, पण अभ्यास कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा. पहिल्या तासात 45 बहुपर्यायी प्रश्न. त्यांना 45 टक्के वजन. पुढच्या सव्वादोन तासांत तीन निबंध. त्यांना 55 टक्के. पहिल्या निबंधात एका विषयावरचे सहा स्रोत देतात, त्यात एखादा तक्ता किंवा आलेखही असतो. त्यातले किमान तीन वापरून आपली भूमिका मांडायची. दुसऱ्यात एखादं भाषण किंवा पत्र देतात. लिहिणाऱ्याने समोरच्याला पटवण्यासाठी काय काय केलं, ते उलगडून दाखवायचं. तिसऱ्यात एक विचार देतात आणि विचारतात, तुमचं म्हणणं काय?

प्रत्येक निबंधाला सहा गुण. स्पष्ट भूमिकेला एक. पुरावा आणि त्याच्या स्पष्टीकरणाला चार. विषयाची गुंतागुंत ओळखणाऱ्या परिपक्व लेखनाला एक. आपल्याकडे निबंध म्हटलं की सुरुवातीला सुविचार, मध्ये दोन कविता आणि शेवटी उपदेश. तिथे नुसत्या सजावटीला वेगळा गुण नाही.

भाचीचा पहिला निबंध आला. शेवटचं वाक्य होतं, ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे.’ मी विचारलं, ‘मग तू कुठे आहेस?’ ती गप्प. पुढच्या शनिवारी दुसरं टोक. विरुद्ध मताची माणसं मूर्ख आहेत, एवढंच दोन पानं. पहिल्या निबंधात भीती होती, दुसऱ्यात राग. पुरावा दोन्हींत नव्हता.

तेव्हा मी तिला 2019 च्या परीक्षेतला दुसरा प्रश्न काढायला सांगितला. जुने प्रश्न आणि तपासलेले नमुना निबंध कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्या वर्षी उतारा होता गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना लिहिलेल्या पत्राचा. तारीख 2 मार्च 1930. दहा दिवसांनी दांडीयात्रा निघाली.

मी म्हटलं, ‘अलंकार शोधू नकोस. चार प्रश्न विचार. कोण बोलतंय? कोणाशी? आत्ताच का? समोरच्याने काय करावं अशी त्याची इच्छा आहे?’

ती वाचत गेली आणि तिचं तिलाच दिसू लागलं. ज्याच्या हातात तुरुंगाची किल्ली आहे, त्याला हा माणूस मित्र म्हणून हाक मारतो. तुमच्या लोकांना इजा करायची नाही, असं सांगतो. बरोबरीच्या नात्याने चर्चेचं दार उघडं ठेवतो. तरीही कायदा कोणत्या दिवशी मोडणार, ते आधीच कळवतो. मला अटक करणं तुमच्या हातात आहे, हेही स्वतःच लिहितो. अदब पूर्ण, माघार शून्य. भाची म्हणाली, ‘मामू, हे उलट बोलणं नाही. पण ऐकून घेणंही नाही.’ मी म्हटलं, ‘बस, हेच लिही.’

त्यानंतर आम्ही एक शिस्त ठेवली. एका निबंधाला चाळीस मिनिटं. पहिली सात-आठ मिनिटं फक्त विचार: माझं म्हणणं एका वाक्यात काय, आणि त्याला दोन पुरावे कोणते. प्रत्येक पुराव्यानंतर ‘म्हणजे काय?’ आणि ‘म्हणून काय?’ या दोन प्रश्नांची उत्तरं. शिवाय विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा प्रामाणिकपणे मांडायचा, आणि मगच त्याला उत्तर द्यायचं. शेवटची तीन मिनिटं वाचून पाहायला. बहुपर्यायी प्रश्न एकही कोरा सोडायचा नाही, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

जुलैत निकाल लागला. पाचपैकी चार आले. पण मला आनंद वेगळ्याच गोष्टीचा झाला. तिला दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात शिकायचं होतं आणि अब्बूंचा विरोध होता. रडारड न करता तिने त्यांना एक पानभर पत्र लिहिलं. त्यांची काळजी आधी मांडली, तीही त्यांच्याच शब्दांत. मग खर्च, वसतिगृह, शिष्यवृत्ती. अब्बूंनी लगेच होकार दिला नाही. पण पत्र दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच ‘नाही’ म्हणण्याऐवजी प्रश्न विचारले.

तुमच्यापैकी फार थोडे जण ही परीक्षा देतील. पण घरात, मोहल्ल्यात, कॉलेजात तुम्हाला रोज विचारलं जातं, ‘तुमचं काय म्हणणं आहे?’ कधी खरोखर ऐकायला, कधी नुसतं अडकवायला. दोन्ही वेळी गप्प बसणं किंवा भडकणं एवढेच पर्याय नसतात. आज रात्री वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घ्या, ते चार प्रश्न विचारा आणि मराठीत एका वाक्यात आपलं म्हणणं लिहा. खाली एक पुरावा लिहा. उद्या सकाळी आपण ते एकमेकांना वाचून दाखवू.